वुकोसावाचा खण

गोर्न्या क्रुशा गावात कुणी शिंकलं, की त्याची पावलं आपोआप वुकोसावाच्या स्वयंपाकघराकडे वळायची. गावात दवाखाना होता, नाही असं नाही. पण तिथला डॉक्टर आधी तपासायचा, मग विचारत बसायचा आणि शेवटी ‘विश्रांती घ्या, गरम काहीतरी प्या’ म्हणून वाटेला लावायचा. एवढं तर घरची म्हातारीही सांगते! अशा माणसाला डॉक्टर कोण म्हणणार? वुकोसावा कुणाला रिकाम्या हाताने पाठवत नसे. तिच्या जेवणाच्या टेबलाला एक खण होता. लोकांच्या घरी अशा खणात चमचे असतात. हिच्या खणात अँटिबायोटिकची अर्धीमुर्धी पाकिटं असायची: कुणाच्या दाताची उरलेली, कुणाच्या कानाची, कुणाच्या मेलेल्या सासऱ्याच्या फुप्फुसाची.

“तोंड उघड,” ती पोस्टमन दोब्रिलोला म्हणायची. “मोठं. माझ्याकडे जेवायला बसल्यावर उघडतोस ना, तेवढं.”

“आऽऽ...”

“घसा आहे की भट्टीचं धुराडं? ही घे. सकाळी एक, संध्याकाळी एक.”

“किती दिवस, वुकोसावाकाकू?”

“बरं वाटेपर्यंत. बरं वाटलं की उरलेल्या परत आणून द्यायच्या. फुकट मिळालं म्हणून सगळं गिळायचं नसतं.”

आणि लोक इमानदारीने परत आणून द्यायचे. खण कधी रिता झाला नाही. गावातल्या निम्म्या दुखण्यांनी त्यातून ये-जा केली.

औषधाशी तिचा संबंध काय, असं विचारायची गावात कुणाची छाती नव्हती. उमेदीची सगळी वर्षं ती सहकारी संस्थेच्या केंद्रावर आलुबुखार मोजून घ्यायला बसली होती. काट्याशेजारी खुर्ची, खुर्चीत वुकोसावा. आसपासच्या गावांतले धट्टेकट्टे बागवान टोपल्या घेऊन तिच्यापुढे मान खाली घालून उभे राहत. “ही आलुबुखारं आहेत की बकरीच्या लेंड्या?” असं ती सगळ्यांदेखत विचारायची. केंद्र बंद पडलं, काटा भंगारात गेला, पण समोरच्याला तोलायची सवय काही गेली नाही. नवऱ्याला, मिलोयेला, तिने लग्नाच्या वर्षीच तोलून बाजूला ठेवला होता. “चांगला आहे,” ती म्हणायची, “पाऊस पडला तर आत येतो, एवढी अक्कल आहे.” मिलोये हसायचा आणि भट्टीकडे जायचा. तो राकिया नावाची दारू गाळायचा. आलुबुखाराची, पहिल्या धारेची, नुसता वास घेतला तरी डोळ्यांत पाणी आणणारी.

साऱ्या गावात वुकोसावाच्या खणातली गोळी न घेतलेलं माणूस एकच होतं, आणि ते तिच्याच अंगणात राहायचं. स्तामेना, तिच्या धाकट्या दिराची, रांकोची, बायको. वयाने बरीच लहान. नवी नवरी म्हणून आली त्या वर्षी संत निकोलाच्या सणाला, म्हणजे ह्या घराण्याच्या स्लावाला, तिने सणाची पोळी, जाड गोल पावासारखी, भाजली होती. स्लावा म्हणजे घराण्याच्या संताचा दिवस. पोळी कापायची, मेणबत्ती लावायची, दार सताड उघडं ठेवायचं. पाहुण्यांनी भरलेल्या घरात वुकोसावाने त्या पोळीवर बोटाने टकटक केलं आणि म्हणाली, “रांको, घोड्याला नाल बसवायचा असला तर बायकोला सांग. हात चांगला बसलाय तिचा.”

घर हसलं. स्तामेनाही हसली. आणि त्या दिवसापासून तिने थोरल्या जावेच्या हातून काही म्हणता काही घेतलं नाही. कॉफी नाही, मीठ नाही, घोटभर पाणी नाही. एकदा ती तापाने फणफणली असताना वुकोसावाने रांकोच्या हाती गोळ्या धाडल्या. स्तामेनाने खिडकी उघडून त्या कोंबड्यांना टाकल्या. कोंबड्यांनीही खाल्ल्या नाहीत. “बघा,” ती खिडकीतून ओरडली, “कोंबड्यांनासुद्धा कळतं!” शहाणपणाचा त्यात काडीचा भाग नव्हता. निव्वळ खुन्नस होती. पण खुन्नस अशी ताठ ताणलेली, की तिच्यावर धुणं वाळत घालावं.

*

शरदात वुकोसावाची दाढ दुखायला लागली. तिने खण उघडला आणि सर्वांत मोठी गोळी निवडली. दुखणं हटेना, तेव्हा दुसऱ्या रंगाची घेतली. मग दोन्ही. दाढ दुखायची राहिली. आठवडाभराने जुलाब लागले, आणि ते काही केल्या थांबेनात. दिवस दिवस संडासात. अंगात ताप, पोटात पीळ, तोंडाला कोरड. गावाला धाकात ठेवणारी बाई भिंत धरून चालायला लागली. ह्याही अवस्थेत ती खणाकडे हात लांबवत होती. शेवटी शहरातून मुलगा नेनाद आला आणि तिला गाडीत घालून वाल्येवो शहरापलीकडच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेला.

तिथे डॉक्टर मांदिच होता. तरुण, सडपातळ, कान जरा मोठे.

“ह्याला कुणी जेवायला घालत नाही का?” वुकोसावाने स्ट्रेचरवरूनच विचारलं.

डॉक्टरने जंतूचं नाव सांगितलं. लांबलचक. क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल.

“नाव ठेवायला वेळ मिळालेला दिसतोय तुम्हाला. औषध शोधायला मिळाला का?”

“मिळाला. पण आधी ऐका. तुमच्या आतड्यात हजारो जातींचे जंतू राहतात. भले, कामाचे. तुम्ही गोळ्यांनी त्यांचं गाव उठवलंत. मोकळ्या घरांत हा घुसला.”

“मी जंतू मारले. मारायलाच असतात ते.”

“तुम्ही शेजारी मारलेत, वुकोसावाबाई. चोर राहिला.”

ह्या उत्तराचा राग तिला त्या जंतूपेक्षा जास्त आला.

औषधाने बरं वाटलं. घरी आली. मिलोयेने सगळं घर तिच्यासाठी राकियाने पुसून ठेवलं होतं: दारांच्या मुठी, नळ, संडासची बैठक, तिची काठीसुद्धा. त्या भागात सगळं राकियानेच शुद्ध होतं, जखम, चमचा, पाळणा, पाप. पुरा वर्षाचा माल बिचाऱ्याने बायकोच्या जिवापायी फडक्यात जिरवला. आणि ती पुन्हा आडवी झाली.

“दारूने तो मरत नाही,” डॉक्टर मांदिच म्हणाला. “कवच पांघरून महिनोन्‌महिने बसून राहतो. संडासला क्लोरीन लावा. हात साबणाने, वाहत्या पाण्याखाली, चोळून धुवा.”

“साधी दारू नाही ती,” मिलोये म्हणाला. गेल्या कित्येक वर्षांत परक्या माणसापुढे तो एवढं बोलला नव्हता. “माझी आहे. पहिल्या धारेची.”

“पहिल्या धारेच्या दारूनेसुद्धा नाही.”

मिलोये व्हरांड्यात जाऊन बसला. बायकोच्या दुखण्याने जे झालं नव्हतं ते ह्या एका वाक्याने झालं. माणूस वाकला.

संडासला क्लोरीन लागलं, साबणाच्या वड्या आल्या. पण वुकोसावाच्या आतली घरं ओसच होती. पुन्हा औषध, पुन्हा बरं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आणली तेव्हा तिचे कपडे तिच्यावर खुंटीला टांगल्यासारखे दिसत होते. डॉक्टर मांदिच खाटेजवळ स्टूल ओढून बसला.

“पुढचा फेरा तुम्हाला झेपणार नाही,” तो म्हणाला. “आतडं कापावं लागेल, किंवा त्याच्याही पलीकडे जाईल. मी लपवत नाही.”

“स्लावा कधी आहे?” वुकोसावाने नेनादला विचारलं.

“महिन्यावर, आई.”

“मेणबत्ती मी लावणार,” ती छताकडे बघून म्हणाली. “थोरल्या घरात मीच लावते.” आणि मग डॉक्टरला, “बोल. तुझ्या पिशवीत आणखी काय आहे?”

पिशवीत होता एक अभ्यास. सारखं उलटणाऱ्या रोग्यांना निरोगी माणसाचा मल गाळून, पातळ करून, दुर्बिणीच्या नळीने आतड्यात सोडायचा. उठलेलं गाव पुन्हा वसवायचं. जगभर केलं जातंय, दहातले आठ-नऊ बरे होतात. आता शोध चाललाय तो पुढचा. त्यातले नेमके कोणते जंतू काम करतात, तेवढेच निवडून गोळीत भरता येतील का, बरं झालेलं किती काळ टिकतं.

शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली.

“थांब,” वुकोसावा म्हणाली. “दुसऱ्याचा गू. माझ्यात.”

“गाळलेला.”

“गाळलेला! आणि त्यातलं काय काम करतं ते तुम्हाला ठाऊक नाही?”

“पुरतं नाही. म्हणून तर अभ्यास.”

“मी काट्यावर बसायचे तेव्हा टोपलीत काय आहे हे ठाऊक नसेल तर माल परत पाठवायचे.”

“तुमच्याकडे परत पाठवायला वेळ होता,” डॉक्टर म्हणाला.

मोठ्या कानांचा निघाला तरी जीभ होती त्याला. वुकोसावाने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

अडचण एकच होती. इस्पितळात साठा नव्हता. दाता रोग्याने आणायचा.

*

नेनादने गावात निरोप दिला, आणि गोर्न्या क्रुशाने जे शौर्य दाखवलं ते पाहण्यासारखं होतं. गाडीभर माणसं आली. इस्पितळाच्या व्हरांड्यात जत्रा भरली. ज्याला-त्याला आपल्या पोटाचा अभिमान. दोब्रिलो पोस्टमन सगळ्यांना सांगत होता, “माझं घड्याळ आहे घड्याळ! सकाळी कॉफी आणि लगेच.” वुकोसावाला चाकाच्या खुर्चीतून दारापर्यंत आणलं होतं. ती एकेकाला न्याहाळत होती, जणू पुन्हा काट्यावर बसली आहे.

“हा नको. ह्याचा बाप खोटं बोलायचा.”

“आई, ते पोटात नसतं.”

“तुला काय माहीत? डॉक्टरलाच ठाऊक नाही त्यात काय असतं!”

डॉक्टर मांदिचने नेनादपासून सुरुवात केली.

“गेल्या तीन महिन्यांत अँटिबायोटिक घेतलंत?”

“अं... एकदाच. खोकला झाला होता. आईने दिलं होतं.”

“बाजूला व्हा. पुढचे.”

पुढे रांको, धाकटा दीर. बैलासारखा माणूस.

“अँटिबायोटिक?”

“छे! मी औषधं खात नाही.” मग जरा थांबून, “ती पाठ धरली होती तेव्हाची पिवळी गोळी धरायची का? ती वहिनीने दिली होती.”

“पाठीला अँटिबायोटिक?”

“गुण आला की,” रांको म्हणाला.

दोब्रिलो आला. घसा, काकूने दिली होती. त्याची बहीण आली. डोळा, काकूने दिली होती. शाळेचा शिपाई आला. त्याला काहीच झालं नव्हतं, थंडी सुरू होणार होती म्हणून आधीच घेऊन ठेवली होती. काकूनेच. रांग पुढे सरकत गेली आणि एकेक पोट बाद होत गेलं. दरवेळी ‘कुणी दिली’ म्हटलं की सगळ्यांच्या माना त्या चाकाच्या खुर्चीकडे वळायच्या. हळूहळू व्हरांड्यातली गडबड बसली. वुकोसावा पांघरुणाची दशी बोटाला गुंडाळत होती.

“बाई,” डॉक्टर थकून म्हणाला, “तुमच्या गावात कुणी सुटलंय का तुमच्या तावडीतून?”

मग रांकोने घसा खाकरला.

“माझी बायको आहे.”

“नाही!” वुकोसावा एवढ्या जोरात ओरडली की नर्स धावत आली. “मरेन. आत्ता, इथे मरेन. त्या बयेचं माझ्यात नको. तिची पोळी मी पोटात जाऊ दिली नाही, आणि आता...” पुढचं बोलायला दम पुरला नाही.

*

स्तामेना दुसऱ्या दिवशी स्वतः आली. ठेवणीतला कोट घालून, केस विंचरून, आणि दारातच उभी राहिली. खुर्चीवर बसली नाही. वुकोसावाने भिंतीकडे तोंड केलं.

“सगळ्या तपासण्या करून आले,” स्तामेना त्या पाठीला म्हणाली. “रक्त, मल, सगळं. पंधरा दिवसांत कळेल. डॉक्टर म्हणतात लक्षण चांगलं आहे.”

“मी मागितलं नाही.”

“मी विचारायला आलेच नाही, जाऊबाई. सांगायला आले. इतकी वर्षं माझ्या हातचा पदार्थ तुमच्या घशाखाली उतरला नाही. कोबी खारट, सूप पाणचट, पोळी म्हणजे नाल. आता माझ्या पोटातलं तुमच्या पोटात जाणार. आणि तुम्हाला नाव ठेवता येणार नाही, कारण तुम्ही गुंगीत असाल!”

शेजारच्या खाटेवरची बाई हसली आणि तिने घाईघाईने तोंडावर उशी घेतली.

“तुला मजा येतेय,” वुकोसावा भिंतीला म्हणाली.

“खूप.”

“मी मेले तर थोरल्या घराचा मान तुला मिळेल. मेणबत्ती तू लावशील. मग हे कशाला?”

स्तामेनाने कोटाचं बटण उगाच काढलं, उगाच लावलं.

“तुम्ही मेलात तर सगळे रडतील आणि म्हणतील काय देवमाणूस होती,” ती शेवटी म्हणाली. “ते ऐकायची माझी तयारी नाही. आणि एक अट आहे. ह्या वर्षी स्लावाची पोळी मी भाजणार.”

वुकोसावा वळली. हाडं उरली होती, पण डोळे तेच होते, काट्यावरचे. तिने जावेला वरपासून खालपर्यंत पाहिलं. टोपली भरलेली होती, आणि ह्या वेळी परत पाठवायला वेळ नव्हता.

“पंधरा दिवस नीट जेव,” ती म्हणाली. “तुझ्या हातचं नको. हॉटेलात जेव.”

*

झालं सगळं दुपारच्या वेळी, साध्या खोलीत. वुकोसावाला गुंगी दिली. जागी झाल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो “माझ्या तोंडून काही बोललं गेलं का?” हा. नर्स म्हणाली, “जाऊबाईंचं नाव घेत होतात.” वुकोसावा म्हणाली, “शिवीच असणार,” आणि झोपली.

चार दिवसांनी जुलाब थांबले. तिने कुणाला सांगितलं नाही. वाट पाहिली. आठवड्याने तिने भाकरी मागितली, मग भाकरीला नावं ठेवली, आणि नेनाद व्हरांड्यात जाऊन रडला.

“अजून दोन महिने लक्ष ठेवायचं,” डॉक्टर मांदिच निघताना म्हणाला. “उलटलं तर पुन्हा एकदा करू. दाता तोच. आणि तो खण...”

“कळलं,” वुकोसावा म्हणाली. “मला एक गोष्ट दोनदा सांगायची नाही.”

घरी येऊन तिने खण टेबलातून उपसला आणि नेनादच्या मांडीवर ठेवला. “जा, औषधाच्या दुकानात देऊन ये. नाल्यात टाकू नकोस, मासे मरतील.” खणात चमचे आले. दुसऱ्याच दिवशी दोब्रिलो नाक ओढत दारात उभा राहिला.

“दवाखान्यात जा.”

“पण काकू, तो डॉक्टर नुसतं गरम काहीतरी पी म्हणतो...”

“मग पी! नाक आहे ते, वाहायलाच असतं. आणि आत यायचं तर आधी हात धू. साबणाने. ओला करून झटकलास तर बघ.”

संत निकोलाच्या दिवशी मेणबत्ती तिनेच लावली. उपासाचा सण, म्हणून मासे होते, चुलीत भाजलेल्या घेवड्याच्या बिया होत्या, उकडलेले गोड गहू होते. मधोमध स्तामेनाची पोळी. घर माणसांनी भरलेलं, आणि प्रत्येकाला ठाऊक की कुणाचं काय कुणाच्या पोटात आहे. रांकोला तर दोन पेल्यांनंतर राहवेना. “आता तुम्ही दोघी सख्ख्याच झालात की!” मिलोयेने त्याच्या पायावर पाय दिला.

वुकोसावाने पोळीचा तुकडा तोंडात घातला. घर थांबलं. ती बराच वेळ चावत राहिली.

“कडक आहे,” ती म्हणाली.

आणि दुसरा तुकडा घेतला.

*

सणाच्या गर्दीत कुणाचा तरी खोकला स्तामेनाला चिकटला. तिसऱ्या दिवशी ताप चढला. रांको घाबरून शेजारच्या गावातून, कुणाच्या तरी आत्याच्या खणातून, अर्धं पाकीट घेऊन आला. खण काही जगात एकच नव्हता. अंगणातून घाईने जाताना वुकोसावाने त्याला खिडकीतून पाहिलं. ती तशीच उठली. पायांत घरातल्या सपाता, अंगावर मिलोयेचं जाकीट. मधलं अंगण बर्फाने भरलेलं, आणि त्या अंगणापलीकडच्या घरात त्या पोळीच्या वर्षापासून तिने पाऊल टाकलं नव्हतं.

दार ढकलून ती आत घुसली तेव्हा रांकोच्या हातात पाण्याचा पेला होता.

“ठेव ते खाली!”

“वहिनी, ताप आहे तिला...”

“दिसतोय. मला डोळे आहेत. गाडी काढ. डॉक्टर तपासेल. तो म्हणाला घे, तर घेईल, सगळ्या, शेवटच्या गोळीपर्यंत. नाही म्हणाला तर एक कण जाणार नाही तिच्या पोटात.” तिने पाकीट हिसकावून जाकिटाच्या खिशात कोंबलं. “माझी राखीव टोपली आहे ती. मला पुन्हा लागली तर काय तुझं आणू? पिवळी गोळी खाणाऱ्याचं?”

“बघितलंत,” स्तामेना पांघरुणातून खोकत म्हणाली, “माझी काळजी नाही, मालाची आहे.”

“मग! तुझी कशाला करू?”

गावच्या डॉक्टरने छाती ऐकली, घसा पाहिला. म्हणाला, अँटिबायोटिकचं काम नाही, विश्रांती घ्या, गरम काहीतरी प्या, श्वास लागला तर लगेच या. रांकोने वुकोसावाकडे पाहिलं. ती आता त्याला फाडून खाणार, असं त्याला वाटलं.

“ऐकलंस ना?” वुकोसावा रांकोवरच खेकसली. “डॉक्टर आहे तो. शिकलाय.”

घरी आल्यावर तिने स्तामेनाच्याच चुलीवर, स्तामेनाच्याच भांड्यात काढ्यासाठी लिंडन झाडाची वाळलेली फुलं उकळली. उकळताना भांड्याला नाव ठेवलं, चुलीला ठेवलं, मधाच्या बरणीच्या झाकणाला ठेवलं. हात कोपरापर्यंत साबणाने धुतले. मग कप घेऊन खाटेपाशी आली आणि पुढे धरला.

स्तामेनाने कपाकडे पाहिलं. मग कप धरलेल्या हाताकडे. रांको दारात उभा होता. इतक्या वर्षांत त्या हातातून ह्या हातात काही गेलं नव्हतं, जे गेलं होतं ते नळीतून, आणि उलट्या दिशेने.

“हात भरून आला माझा,” वुकोसावा म्हणाली. “फोटो काढायचाय का?”

स्तामेनाने कप घेतला. फुंकर घातली, एक घोट घेतला, आणि बराच वेळ तोंडात धरून ठेवला.

“पाणचट आहे,” ती म्हणाली.

“पी गप,” वुकोसावा म्हणाली, आणि खुर्ची ओढून खाटेशी बसली.